निसणा, हिऱ्याचा बंधित

कृत्रिम हिऱ्याची भुकटी राळ, धातू किंवा काचेसारख्या भाजलेल्या मिश्रणात मिसळून केलेला, सुऱ्या-चाकू पाजवण्याचा चपटा दगड. असा हिरा खात्रीने बनवण्याची पद्धत अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत १९५४ मध्ये साधली. नाव हिऱ्याचे असले, तरी निसण्याचा स्वभाव ठरतो तो बंधकावरून, म्हणजे कण धरून ठेवणाऱ्या राळ, धातू किंवा काचेवरून. बोथटलेला कण बंधकाने वेळेवर सोडला तरच खालचा ताजा कण वर येतो आणि दगड कापत राहतो.

कठीण पूड बंधकात कालवण्याची ही रीत भारतात जुनीच आहे. शिकलगार आणि जवाहिरे लाखेत कुरुंदाची पूड कालवून चाके करीत व ती वादीने फिरवीत. लाख हीदेखील राळच. आज तिच्या जागी कृत्रिम राळ आणि कुरुंदाच्या जागी हिरा आला, एवढेच.

प्रत्येक धारेला मात्र हिरा लागत नाही. उदाहरणार्थ, सोलापूर जिल्ह्याची जमीन बहुतांशी काळ्या बेसाल्टची. वालुकाश्मात क्वार्ट्‌झचे कठीण कण खच्चून भरलेले असतात, तसे बेसाल्टात नसतात. त्यामुळे धारेसाठी तो जेमतेमच. तरी विळी किंवा खुरपे दगडी पायरीच्या कडेवर घासून वेळ भागते, कारण त्यांचे लोखंड फार कडक नसते. ऊसतोडीचा कोयता पुष्कळदा ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांतून घडवतात. त्याला कार्बोरंडमचा (सिलिकॉन कार्बाइडचा) साधा दगड पुरतो. त्यावर हिऱ्याचा निसणा वापरणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

तो खरा लागतो महाग, व्हॅनेडियमयुक्त पोलादाच्या सुऱ्यांना. त्या पोलादातील व्हॅनेडियम कार्बाइडचे कण कुरुंदापेक्षा कठीण असतात. कुरुंदी दगड भोवतालचे पोलाद झिजवतो, पण कार्बाइड नीट कापू शकत नाही. हिरा दोन्ही सारखेच कापतो. सिरॅमिक सुरीलाही हाच उपाय.

वापर पाण्याने करावा. स्वयंपाकघरातील सुरी दर बाजूला १५ ते २० अंशांत धरून, भार न देता, पूर्ण पात्यावरून ओढावी. दुसऱ्या बाजूला बोटाला तारेसारखी कड लागली की बाजू बदलावी आणि शेवटी ती कड हलक्या हाताने काढून टाकावी. दाबून घासण्याचा मोह सर्वांना होतो. त्याने काम लवकर होत नाही, दगड मात्र लवकर झिजतो. राळेचा दगड मऊ चालतो, धातूचा चिवट व दीर्घायुषी असतो. पण धातूचा एकदा गुळगुळीत झाला की त्याला पुन्हा चावरा करणे जिकिरीचे. त्यासाठी काचेवर सिलिकॉन कार्बाइडची सुटी पूड व पाणी घेऊन निसणा घासतात. त्याने पृष्ठभागही सपाट होतो.

सायकलवर चाक फिरवून धार लावणाऱ्याच्या एमरीला हा पर्याय नव्हे. वेगाने फिरणाऱ्या चाकावर पोलाद तापते आणि तापलेल्या लोखंडात हिऱ्याचा कार्बन विरघळतो. म्हणून कारखान्यांत पोलाद वेगाने घासताना हिऱ्याऐवजी घन बोरॉन नायट्राइड वापरतात. हाताने ओल्या दगडावर घासताना ही भीती नाही.

बाजारात याच नावाखाली निकेलच्या थराने हिऱ्याचे कण चिकटवलेल्या पट्ट्याही मिळतात. त्या बंधित नव्हेत: कणांचा एकच थर असतो, तो गेला की पट्टी संपली. बंधितात हिरा काही मिलिमीटर खोलीपर्यंत भरलेला असतो. खरेदीपूर्वी त्या थराची जाडी विचारून घ्यावी.