पिस्तुलाची निगा : एका नियमाचा इतिहास

जें शस्त्र मनुष्य स्वसंरक्षणासाठीं अंगावर बाळगतो, त्याची गोष्ट इतर यंत्रांहून निराळी आहे. घड्याळ किंवा शिवणयंत्र रोज चालतें. तें बिघडलें तर त्याच दिवशीं कळतें. कमरेचें पिस्तूल मात्र चामड्याच्या खोळींत वर्षानुवर्षें मुकाट्यानें पडून राहतें, आणि एखाद्या क्षणीं त्यानें न चुकतां चालावें अशी अपेक्षा असते. त्याच्यांतील बिघाड कळतो तो नेमका त्या क्षणींच. म्हणून तें किती दिवसांनीं उघडावें, पुसावें आणि तेल द्यावें, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसला तरी त्यावर माणसांचे प्राण अवलंबून राहिले आहेत. अमेरिकेंत पिस्तूल बाळगण्याची चाल फार जुनी. तेथें या प्रश्नाचें उत्तर गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेकदां बदललें. तें कां बदललें, हें पाहिलें म्हणजे नियम कसे जन्मतात आणि कसे चुकतात, हें समजून येतें.

आरंभ काळ्या दारूपासून केला पाहिजे. या दारूंत शंभर भागांपैकीं सुमारें ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक असतो. हें मिश्रण पेटलें म्हणजे त्याच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग वायुरूप न होतां घनरूपानेंच उरतो. त्यांतील कांहीं पांढऱ्या धुराबरोबर उडून जातो. बाकीचा नळीला चिकटून बसतो. हा अवशेष मुख्यतः क्षारांचा असतो, आणि क्षारांचा धर्म हवेंतील ओल ओढून घेण्याचा. पावसाळ्यांत मिठाची बरणी उघडी राहिली म्हणजे काय होतें, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तेंच लोखंडी नळींत होतें, आणि त्या ओलीनें रातोरात गंज चढतो.

ओलीचें हें भय महाराष्ट्रांतील जुन्या कारभाऱ्यांनाही होतें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत दारूखान्याविषयीं सांगतांना, हवालदारानें आठ-पंधरा दिवसांनीं तेथें जाऊन बाण वगैरे सामान बाहेर काढावें, त्यास ऊन द्यावें व पुन्हा मुद्रा करून ठेवावें, अशी आज्ञा दिली आहे. तेथें प्रश्न सांठविलेल्या दारूचा होता, बंदुकीच्या नळीचा नव्हता. परंतु ‘किती दिवसांनीं’ याचें उत्तर वापरावरून न ठरवितां ओलीवरून ठरविलें होतें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

नळींतील घाणीचा दुसरा उपद्रव असा कीं, तोंडाकडून भरावयाच्या बंदुकींत दहा-वीस बार झाले म्हणजे पुढची गोळी आंत सरकेनाशी होई. यावर उपाय म्हणून काडतुसाच्या कागदासच मेण किंवा चरबी लावून ठेवीत. त्या योगें घाण मऊ राही व गोळी सहज उतरे. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल हिंदुस्थानांत आली तेव्हां हींच चरबी लावलेलीं काडतुसें तिच्याबरोबर आलीं, आणि तीं दांतांनीं तोडावयाचीं असत. १८५७ च्या आरंभीं डमडमच्या छावणींत ती चरबी कशाची, अशी कुजबूज सुरू झाली व पुढें काय घडलें हें सर्वश्रुत आहे. त्या उठावाचीं कारणें अनेक होतीं. परंतु जी ठिणगी पडली ती नळींतील घाणीवरच्या एका साध्या उपायांतून पडली. वंगणाच्या प्रश्नानें एवढें मोठें वळण इतिहासांत दुसऱ्या कोणत्याही प्रसंगीं घेतलें नसेल.

अमेरिकेंत सॅम्युअल कोल्ट यानें १८३६ सालीं आपल्या फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचें पेटंट घेतलें. या रिव्हॉल्वरांत घाणीनें तिसरेंच संकट उभें केलें. ज्या दांड्याभोंवतीं चक्र फिरतें त्यावर दारूचा कीट जमला म्हणजे चक्र अडे. फुटलेल्या टोप्यांचे तुकडे यंत्रांत पडत ते वेगळेच. म्हणून कोल्टनें नळी व चौकट एका पाचरीनें जोडली. ती पाचर ठोकून काढली कीं नळी व चक्र दोन्ही हातांत येत. पिस्तुलाबरोबर दिलेल्या छापील सूचनांत त्यानें सांगितलें होतें कीं, नळी व चक्र कोमट पाण्यानें धुवावीं, कोरडीं करावीं, चांगलें तेल द्यावें, आणि दांड्यास तर सढळ हातानें द्यावें. आधीं पाणी, मग तेल, हा क्रम मोठा शहाणपणाचा होता. पुढें हाच क्रम लोक विसरले.

नुसतें बाळगलेलें व न उडविलेलें पिस्तूलही त्या काळीं विश्वासाचें नसे. सुटी दारू चक्राच्या घरांत भरलेली. घामानें किंवा दंवानें ती सर्द झाली तर टोपी फुटे, पण बार होत नसे. कॅन्सस संस्थानांतील अॅबिलिन गांवचा १८७१ मधील मार्शल जेम्स बटलर हिकॉक, ज्यास लोक ‘वाइल्ड बिल’ म्हणत, तो रोज सकाळीं आपलीं दोन्ही कोल्ट पिस्तुलें झाडून रिकामीं करी व पुन्हा काळजीपूर्वक भरी, असें त्याच्या एका परिचितानें पुढें लिहून ठेविलें आहे. ज्याचा जीव शस्त्रावर अवलंबून आहे त्यानें काल भरलेल्या बारावर आज भरंवसा ठेवूं नये, हा त्या काळच्या दारूनें घालून दिलेला नियम होता.

नंतर रसायनशास्त्रानें मोठी उडी घेतली. १८८४ सालीं फ्रान्समध्यें पॉल व्हिएय यानें धूरविरहित दारू सिद्ध केली, आणि १८८६ च्या लेबेल रायफलीबरोबर ती सैन्यांत आली. ही दारू जवळजवळ सगळीच वायुरूप होते. नळींत पाहावें तों स्वच्छ! लोकांस वाटलें, धुण्याची कटकट संपली. तेलाचें फडकें एकदां फिरविलें कीं झालें. परंतु अनुभव उलटा आला. संध्याकाळीं तेल देऊन ठेवलेली चकचकीत नळी दोन दिवसांनीं तांबूस दिसूं लागे. कित्येक वर्षें हा दोष नव्या दारूंतील आम्लाचा समजला गेला, आणि ते आम्ल मारण्यासाठीं नानाप्रकारचीं तेलें बाजारांत आलीं.

खरा चोर दुसरीकडेच होता. १९२२ सालीं अमेरिकन सरकारच्या खाणकाम खात्यांतील विल्बर्ट हफ या रसायनज्ञानें दाखवून दिलें कीं, दोष दारूचा नसून काडतुसाच्या बुडाशीं असलेल्या टोपीचा आहे. टोपींतील मसाल्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. ठिणगी पडली म्हणजे त्याचें पोटॅशियम क्लोराइड होऊन तें नळीभर पसरे. हा क्षार मिठाचाच सख्खा भाऊ. डोळ्यांस न दिसणारा, पण ओल ओढणारा. आणि मीठ तेलांत विरघळत नाहीं. तें पाण्यांतच विरघळतें. वरून दिलेलें तेल क्षारावर पांघरूण घाली, आणि त्या पांघरुणाखालीं गंज सुखानें वाढे. काळ्या दारूच्या काळीं घाण दिसत असल्यामुळें लोक नळी पाण्यानें धूत व त्याबरोबर टोपीचा क्षारही निघून जाई. घाण दिसेनाशी झाली, पाणी सुटलें, आणि क्षार मात्र राहिला. ब्रिटिश शिपाई आपल्या रायफलीच्या नळींत उकळतें पाणी ओतीत असत, तें याच कारणानें.

याच काळांत अमेरिकन सैन्यानें जॉन ब्राउनिंगच्या रचनेचें कोल्ट पिस्तूल स्वीकारलें. १९११ च्या मार्च महिन्यांत त्याची जी परीक्षा झाली तींत ६,००० गोळ्या झाडण्यांत आल्या. दर १०० गोळ्यांनंतर पिस्तूल थंड होऊं देत, आणि दर १,००० गोळ्यांनंतर तें साफ करून तेल देत. ब्राउनिंगचें पिस्तूल या कसोटीस पूर्ण उतरलें. आतां येथें एक विसंगति दिसते. हजार गोळ्या तेलावांचून सहन करणारें हें पिस्तूल सैनिकाच्या हातीं गेल्यावर मात्र, त्या काळच्या शिस्तीप्रमाणें, गोळीबार केलेल्या दिवशींच साफ करावें लागे, आणि पुढेंही कांहीं दिवस त्याची नळी पुन्हा पुन्हा पुसावी लागे. यांत विसंगति वाटते, पण ती नाहीं. यंत्राची चाल एका कारणानें अडते, नळीचें पोलाद दुसऱ्या कारणानें सडतें. पहिल्याचा हिशेब गोळ्यांनीं करावयाचा, दुसऱ्याचा तासांनीं.

१९२० नंतरच्या दशकांत जर्मनींत ‘सिनॉक्सिड’ व अमेरिकेंत रेमिंग्टनचें ‘क्लीनबोअर’ या नांवांनीं क्षार न सोडणाऱ्या टोप्या आल्या. सैन्यानें मात्र, जुन्या टोप्या कोठारांत अधिक टिकतात म्हणून, दुसऱ्या महायुद्धांतही बहुतेक काडतुसांना त्याच ठेविल्या. १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत त्या गेल्या. क्षार गेला तरी नियम राहिला. युद्धावरून परतलेल्या पित्यानें मुलास शिकविलें, मुलानें नातवास. आणि ज्या नळींत आतां क्षाराचा कणही नव्हता तींत पोलादी गज वर्षानुवर्षें फिरत राहिला. नाजूक तोंडाशीं गज घासून घासून नळीची अचूकता बिघडवावी, असा हा अतिरेक होता. कारण मेलें व नियम जिवंत राहिला, म्हणजे असें होतें.

परंतु याच्या उलट चूक फार भयंकर ठरली. व्हिएतनामच्या युद्धांत १९६५ नंतर अमेरिकन सैनिकांच्या हातीं एम-१६ ही नवी हलकी रायफल आली. तिला साफसफाई फारशी लागत नाहीं असा समज तिच्याबरोबरच पसरला होता. साफ करण्याचें साहित्य अपुरें, शिक्षणही अपुरें. त्यांतच काडतुसांतील दारू बदलण्यांत आली होती. तिनें बंदुकीची गति वाढली व कीटही अधिक जमूं लागला. शिवाय काडतूस जेथें बसतें त्या घराला क्रोमियमचा मुलामा नव्हता. दमट हवेंत तेथें गंजाचे खळगे पडत व उडालेलें काडतूस तेथेंच घट्ट रुतून बसे. १९६७ च्या मे महिन्यांत एका नौसैनिकाचें पत्र अमेरिकन लोकसभेंत वाचून दाखविण्यांत आलें. त्यांत लिहिलें होतें कीं, लढाईनंतर जे मृत सांपडले त्यांपैकीं बहुतेकांच्या शेजारीं त्यांची रायफल खोलून पडलेली होती. अडलेली बंदूक सुरू करण्याच्या धडपडींतच ते मारले गेले होते. इकॉर्ड समितीनें त्याच वर्षीं चौकशी करून आपला कठोर अहवाल दिला. मग मुलामा आला, साहित्य आलें, आणि १९६८ सालीं विल आयस्नर या चित्रकारानें काढलेली एक सचित्र पुस्तिका सैनिकांच्या खिशांत गेली. चित्रकथेंतून सांगावयाचें तें एवढेंच होतें : ही बंदूक पूस.

आजच्या काळांतलें, अंगावर बाळगण्याचें पिस्तूल या दोन चुकांच्या मधून आपली वाट काढतें. १९८२ सालीं ऑस्ट्रियाच्या सैन्यानें स्वीकारलेलें ग्लॉक हें पिस्तूल अमेरिकेंत पुढें पोलिसांत व नागरिकांत फार पसरलें. त्याच्या पुस्तिकेंतील नियम थोडक्यांत असा : नवें असतांना पहिल्या गोळीपूर्वीं, प्रत्येक गोळीबारानंतर, आणि गोळी झाडली नसली तरी महिन्यांतून निदान एकदां साफ करावें. शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. बाळगलेलें पिस्तूल दारूनें मळत नाहीं. तें घामानें, कपड्याच्या तंतूंनीं व धुळीनें मळतें. हा हिशेब पुन्हा दिवसांचा आहे, आज्ञापत्रांतल्या हवालदाराच्या हिशेबासारखा.

आणि तेल? तें थेंबांनीं द्यावें, असें तीच पुस्तिका सांगते. अधिक तेलानें धूळ चिकटून तिचा लगदा होतो, आणि तें झिरपून काडतुसाच्या टोपींत शिरलें तर बारच होत नाहीं. कडक थंडींत तर तेल स्वतःच शत्रु बनतें. १९४१ च्या हिवाळ्यांत रशियांत जर्मन सैन्याचीं शस्त्रें वंगण गोठून अडलीं होतीं. कोल्टचा ‘सढळ हात’ त्याच्या काळ्या दारूला योग्य होता; तो आज तसाच चालविला तर घात होईल.

म्हणून पिस्तूल किती वेळां साफ करावें या प्रश्नास एक आंकडा सांगून भागत नाहीं. नळींत काय उरतें, अंगावरून त्यावर काय येतें, हवा कशी आहे, यांचीं उत्तरें आधीं द्यावीं लागतात. जुन्या लोकांनीं पाणी ओतलें तें वेडेपणानें नव्हे, आणि पुढच्यांनीं तें सोडलें तेंही नेहमींच आळसानें नव्हे. चुकले ते इतकेच कीं, ज्या कारणासाठीं नियम होता तें कारण गेलें किंवा आलें, हें त्यांनीं पाहिलें नाहीं. तेवढें पाहण्याची किंमत व्हिएतनामच्या टेकड्यांवर ज्या तरुणांनीं दिली, त्यांच्यापैकीं कोणीही तो नियम मोडला नव्हता. तो त्यांना कोणी नीट सांगितलाच नव्हता.