दीड वाजला, पावणेदोन वाजले

दुपारी दीड 'वाजला' असे आपण म्हणतो आणि पंधरा मिनिटांनी पावणेदोन 'वाजले' असे म्हणतो. दोन वाजायला अजून अवकाश आहे, तरी क्रियापद मात्र एकवचनातून अनेकवचनात जाऊन बसलेले असते. घड्याळाबाहेरही हाच कायदा चालतो. सव्वा रुपया, दीड रुपया, पण पावणेदोन रुपये. दीड वर्ष झाले, पण पावणेदोन वर्षे झाली. दीड भाकरी खाल्ली, अडीच भाकऱ्या खाल्ल्या. हे आपल्याला कुणी शिकवलेले नसते आणि यात कुणी चुकतही नाही.

चूक होते ती इंग्रजीच्या तासाला. मराठी घरातला विद्यार्थी हटकून 'वन अँड हाफ अवर' लिहितो. शिक्षक 'हाफ'च्या आधी 'अ' घालतात, 'अवर'ला 'एस' जोडतात आणि पुढच्या वहीकडे वळतात. इंग्रजीत एकाच्या पुढे जरासे सरकले तरी अनेकवचन लागते: 'वन अँड अ हाफ अवर्स', 'वन पॉइंट टू लिटर्स'. शून्यालाही तिथे अनेकवचनच, 'झीरो डिग्रीज'. मुलाने 'एस' खाल्ला तो आळसाने नव्हे. त्याने मराठीचा नियम इमानाने पाळला. तो नियम काय आहे हे समजायला हे शब्द जरा उसवून पाहावे लागतात.

'पाव' म्हणजे संस्कृत 'पाद'. चतुष्पादाचा एक पाय, म्हणून चौथा हिस्सा. (खायचा पाव पोर्तुगिजांबरोबर आला, त्याचा या हिश्शाशी संबंध नाही.) 'पाऊण' हा 'पादोन', म्हणजे पादाने ऊन, पावाने कमी. 'एकोणीस'मध्ये जो 'ऊन' आहे तोच हा. 'सव्वा' म्हणजे 'सपाद', पावासहित. 'साडे' म्हणजे 'सार्ध', अर्ध्यासहित. पाऊण पुढच्या पूर्णांकातून वजा करतो, सव्वा आणि साडे मागच्या पूर्णांकात मिळवतात. पण पाऊण कशातून कमी? सव्वा कशासहित? दोन्ही ठिकाणी उत्तर 'एक' आहे आणि तो एक उच्चारलेला नाही. पावणेदोन, सव्वादोन म्हणताना 'दोन' बोलावा लागतो, एकाच्या वेळी मात्र तो गृहीत धरला जातो.

खरी गंमत 'दीड' आणि 'अडीच' यांची. 'साडेएक' आणि 'साडेदोन' असे आपण म्हणत नाही, कारण त्या जागा या दोन जुन्या शब्दांनी आधीच धरून ठेवल्या आहेत. प्राकृतात दीडचे रूप 'दिवड्ढ', त्यात 'दोन' आणि 'अर्ध' आहेत. अर्थ: दुसरा अर्धा. पहिला पुरा झाला, दुसऱ्याचा अर्धा झाला, म्हणून दीड. अडीच आला 'अर्धतृतीय' पासून, प्राकृतात 'अड्ढाइज्ज'. तिसरा अर्धा, म्हणजे आधीचे दोन पुरे. त्यापुढचा चौथा अर्धा, 'अद्धुट्ठ', मराठीत 'औट' झाला: साडेतीन. रोजच्या बोलण्यातून तो गेला, पण 'औट घटकेचे राज्य' या वाक्प्रचारात टिकून आहे. हा औट इंग्रजी 'आउट'चा कुणी नव्हे. घटका 24 मिनिटांची, तेव्हा औट घटका म्हणजे 84 मिनिटे. तेवढ्यात राज्य येते आणि जातेही. संतवाङ्मयात देह औट हातांचा आहे तोही याच हिशेबाने.

आता सुरुवातीचे कोडे सुटते. पाऊण, सव्वा, दीड या तिघांच्या पोटात न बोललेला 'एक' आहे. म्हणून पाऊण वाजला, सव्वा वाजला, दीड वाजला. पावणेदोनमध्ये 'दोन' उघड आहे, अडीचमध्ये दोन पुरे झाल्याचे गृहीत आहे. म्हणून दोन्ही अनेकवचनी. मराठी वचन ठरवताना परिमाण किती भरले हे पाहत नाही, ते कोणत्या पूर्णांकाच्या आधाराने सांगितले हे पाहते. नाहीतर पावणेदोनला अनेकवचन आणि दीडला एकवचन, हा पंक्तिप्रपंच का झाला असता?

मोजण्याची ही 'तिसरा अर्धा' पद्धत आपल्यापुरती नाही. रोमन लोकांचे 'सेस्टर्शियस' नावाचे नाणे अडीच 'अस'चे होते आणि त्याच्या नावात 'अर्धा' आणि 'तिसरा' असे दोन शब्द आहेत, अगदी आपल्या अडीचसारखे. जर्मनमध्ये दीडला 'आंडरथाल्ब' हा शब्द आजही चालतो: 'दुसरा अर्धा'. रशियन 'पल्तरा'ही तसाच. डॅनिश भाषेने तर यावर कळसच चढवला. तिथे पन्नासला 'हाल्व्हत्रेस' म्हणतात, म्हणजे मुळात 'तिसरा अर्धा गुणिले वीस', अडीच विसा. सत्तरला 'हाल्व्हफ्येर्स', चौथा अर्धा गुणिले वीस. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, येणाऱ्याला हे सांगावे लागत नाही: वीस औटे सत्तर. जुन्या इंग्रजीतही दीडला 'दुसरा अर्धा' असाच प्रयोग होता. पुढे तो लोपला आणि 'एक आणि अर्धा' असे बेरजेचे बोलणे उरले. बेरजेत एकापेक्षा जास्त झाले की अनेकवचन आले, हे त्या बाजूनेही सरळ आहे.

मात्र इंग्रजीही वाटते तितकी एकमार्गी नाही. 'वन अँड अ हाफ इयर्स' मध्ये वर्षे अनेक, पण तीच मुदत 'अ इयर अँड अ हाफ' अशी सांगितली की वर्ष एकच. नाम एकाला लगटून आले तर एकवचन, बेरीज संपल्यावर आले तर अनेकवचन. मुलांना हे दोन प्रयोग शेजारी शेजारी लिहून दाखवले तर 'एस' कुठून येतो हे फळ्यावरच दिसते.

आपल्याकडे या शब्दांचा दरारा मोठा होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेच मुले घोकत. यातली 'निमकी' फारसी 'नीम' वरून आली, 'निम्मा' आणि 'निमसरकारी' हे तिचेच नातेवाईक. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे असताना पाव-अर्ध्याचा हिशेब बोटांवर होई. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली आणि या पाढ्यांची बाजारातली गरज ओसरली. तरी शब्द हटले नाहीत. भाजीवाल्याकडे आपण 250 ग्रॅम मागत नाही, पाव किलो मागतो. 'सव्वा' तर मानाचा शब्द होऊन बसला. देवापुढे सव्वा रुपया ठेवत, कारण पूर्ण आकड्यावर थोडे अधिक दिले की दान सढळ होई. तोच 'सवाई', इतरांहून सव्वापट. म्हणून पेशव्यांत सवाई माधवराव आणि गाण्यात सवाई गंधर्व. उलट 'दीडशहाणा' म्हटले की शहाणपणाचा जादा अर्धा अंगाशी येतो.

गणिताच्या तासालाही या शब्दांचा उपयोग करून घेता येतो. 'पावणेचार' हा शब्द नसून छोटी वजाबाकी आहे: चारमधून पाव गेला. इंग्रजीत तीच संख्या 'थ्री अँड थ्री क्वार्टर्स', म्हणजे बेरीज. पावणेचार गुणिले आठ करायचे तर मराठी शब्द म्हणतो, आठ चोक बत्तीस, त्यातून आठ पाव म्हणजे दोन गेले, राहिले तीस. इंग्रजी शब्द म्हणतो, आठ त्रिक चोवीस, आठ पाऊण सहा, एकूण तीस. दोन्ही वाटा एकाच गावाला जातात, पण पहिल्या वाटेने तोंडी हिशेब लवकर होतो. ज्या मुलाला दोन्ही वाटा दिसतात, त्याला मिश्र अपूर्णांक म्हणजे नुसती आकड्यांची उतरंड वाटत नाही.

इंग्रजी माध्यमातल्या अनेक मराठी मुलांना आज पाऊण आणि अडीच ऐकून क्षणभर थांबावे लागते. मराठी माध्यमातल्या मुलांना 'अवर्स'चा 'एस' आठवावा लागतो. दोघांनाही एकच प्रश्न विचारावा: या शब्दात कोणता पूर्णांक धरला आहे आणि त्यात मिळवले आहे की त्यातून काढले आहे? पहिल्या मुलाला पावणेदोन कळेल, दुसऱ्याला 'वन अँड अ हाफ अवर्स'. आणि 'अवर'खाली लाल रेघ ओढताना शिक्षकांनी एवढे सांगितले की पुरे: तुझे मराठी बरोबर आहे, इंग्रजीची मोजणी निराळी आहे.