आयोवा राज्य विद्यापीठ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आयोवा राज्यात एम्स येथे असलेले सार्वजनिक भू-अनुदानित विद्यापीठ.

राज्य विधिमंडळाने १८५८ मध्ये कृषी महाविद्यालय म्हणून त्याची स्थापना केली. १८६२ च्या मॉरिल कायद्याने (→ मॉरिल कायदा) अमेरिकी काँग्रेसमधील प्रत्येक सदस्यामागे राज्याला अशा महाविद्यालयांसाठी ३०,००० एकर संघीय जमीन मिळाली (म्हणून ‘भू-अनुदानित’); ही जमीन मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती. कायदा स्वीकारणारे आयोवा पहिले राज्य. नियमित वर्ग १८६९ मध्ये, प्रथमपासून स्त्री-पुरुषांसाठी एकत्र, सुरू झाले. सध्याचे नाव १९५९ पासूनचे आहे.

विद्यापीठाचे वैशिष्ट्य म्हणजे कृषिविस्तार, म्हणजे शेतीचे ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत नेणे. येथील मक्याचे तज्ज्ञ पेरी होल्डन यांनी १९०४ मध्ये रेल्वेच्या डब्यांतून व्याख्याने सुरू केली. गाडी स्थानकावर थांबे, शेतकरी डब्यात येत, थोडक्यात व्याख्यान होई आणि गाडी पुढच्या गावी निघे. विषय एकच, बियाण्याची निवड : प्रत्येक कणसाचे थोडे दाणे वेगळे रुजवून पाहायचे आणि ज्याचे दाणे उगवत नाहीत ते कणीस बियाण्यातून काढून टाकायचे. १९०६ मध्ये राज्याने विस्तारकार्यासाठी कायदा केला. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने अशा कार्याला देशभर संघीय निधी मिळाला. आज हे काम राज्याच्या सर्व ९९ कौंटींत चालते.

वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे मराठी वाचकांना परिचित असलेले कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर (→ कार्व्हर, जॉर्ज वॉशिंग्टन) येथूनच १८९४ मध्ये पदवीधर झाले. भू-अनुदानित विद्यापीठांचे अध्यापन, संशोधन व विस्तार ही त्रिसूत्री भारतीय कृषी विद्यापीठांनीही स्वीकारली (→ महात्मा फुले कृषी विद्यापीठ).