रात्रीचे रडणे : एका जुन्या भीतीचा इतिहास

रात्रीचा पहिला प्रहर उलटतो न उलटतो तोच दोन-तीन वर्षांचे मूल झोपेत किंचाळून रडू लागते. डोळे उघडे असतात, पण समोरची आई त्याला ओळखू येत नाही. जवळ घ्यावे तर ते हातपाय झाडते. काही मिनिटांनी तेच मूल शांतपणे झोपी जाते आणि सकाळी उठल्यावर त्याला यातले काहीही आठवत नाही. आठवण राहते ती घरातील थोरामोठ्यांना. म्हणूनच या रडण्याचा इतिहास हा मोठ्या माणसांच्या भीतीचा, समजुतींचा आणि उपायांचा इतिहास आहे.

विटा परिसरातील, किंबहुना अवघ्या महाराष्ट्रातील वडीलधाऱ्या स्त्रियांपाशी या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या तयार होते. पाचवी-सहावीच्या रात्री बाळाच्या कपाळी विधिलेख लिहिणारी सटवाई पुढेही त्याच्या झोपेत येते, त्याला कधी हसवते, कधी रडवते, अशी ती समजूत. मूल जरा मोठे झाले की सटवाईची जागा दृष्ट घेई. मग मीठ, मोहरी आणि मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या जात. या समजुतींना आज कोणी हसेल. परंतु एक गोष्ट विसरता येणार नाही : दृष्ट काढणारी आजी मुलाजवळ बसत असे आणि घाबरलेल्या सुनेला धीर देत असे. मुलाच्या अंगाला मात्र तिचा उपाय काही अपाय करीत नव्हता.

शास्त्रग्रंथांची वाट याहून फार निराळी नव्हती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात स्कंद, शकुनी, रेवती, पूतना इत्यादी नऊ बालग्रह सांगितले आहेत. एकाएकी दचकणे, भिणे, रडणे ही ग्रहबाधेची लक्षणे म्हणून पुढील वैद्यांनीही नोंदविली. मात्र ग्रह का लागतात, याचे कारण देताना आईच्या किंवा दाईच्या आचारातील आणि शुचितेतील उणीव पुढे केली गेली. मूल रडले की आईकडे बोट दाखविण्याची रीत अशी फार जुनी आहे.

याच परंपरेत एक वेगळा सूरही ऐकू येतो. नेपाळात सापडलेल्या हस्तलिखितावरून मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १९३८ मध्ये काश्यपसंहिता प्रसिद्ध केली. बोलता न येणाऱ्या बालकाची वेदना कशी ओळखावी, यासाठी तीत एक स्वतंत्र अध्याय आहे. मूल हाताने कान चाचपडते, डोके हलवते, झोपत नाही, तेव्हा कानात दुखत असल्याचे जाणावे, असे तो सांगतो. येथे वैद्य आईला दोष देत बसत नाही. तो मुलाकडे पाहतो. आमच्या मते या इतिहासातील खरी प्रगती अशा पाहण्यातूनच झाली आहे.

पाश्चात्त्य जगातही असे निरीक्षण जुने आहे. संत ऑगस्टिन आपल्या आत्मकथनाच्या पहिल्याच खंडात नमूद करतात की तान्हेपणी आपण आधी झोपेत हसू लागलो व नंतर जागेपणी. आणि हे आपल्याला आठवत नसून इतरांनी सांगितले व इतर बाळांकडे पाहून पटले. बाल्याची साक्ष नेहमी दुसऱ्याकडूनच मिळते, हे सोळाशे वर्षांपूर्वी त्यांनी ओळखले होते.

या इतिहासातील सर्वांत काळे पान मात्र औद्योगिक युगाचे आहे. विटा तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. सातारा आणि रत्नागिरीकडील कष्टकरी कुटुंबे पोटासाठी मुंबईच्या कापडगिरण्यांत जात. आई साच्यावर, आजी गावाकडे. मग मूल सांभाळणार कोण? उत्तर बाजारात मिळे : अफूची 'बाळगोळी'. ती दिली की मूल तासन्‌तास निपचित पडे. गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांच्या १९२२ च्या अहवालात, या स्त्रियांच्या १०० पैकी ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जात असल्याचे म्हटले होते. अफूने भूक मरते, श्वास मंदावतो आणि मात्रा चुकली तर तो थांबतोही. हा दोष त्या मातांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. ज्या व्यवस्थेने त्यांना मूल आणि मजुरी यांत निवड करायला लावली, तिचा तो दोष होता. १९२९ चा मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा, १९३१ चा शाही श्रम आयोगाचा अहवाल आणि ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे करणारा १९४८ चा कारखाने कायदा, या पायऱ्यांनी उत्तर हळूहळू पुढे सरकले. म्हणजे मुलाला गप्प करणाऱ्या गोळीला खरा पर्याय औषधाच्या बाटलीत सापडला नाही. तो आईच्या रजेत आणि पाळण्याजवळच्या माणसात सापडला.

झोपेचे रहस्य पुढे प्रयोगशाळेत थोडे उलगडले. १९५३ मध्ये शिकागो येथील असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेत डोळे वेगाने हलण्याची अवस्था जगापुढे मांडली. स्वप्नांचा तिच्याशी निकटचा संबंध आहे. मग रात्रीची किंकाळी म्हणजे भयंकर स्वप्न असावे, असे वाटणे साहजिक होते. परंतु १९६८ मध्ये कॅनडाचे संशोधक रॉजर ब्रॉटन यांनी दाखविले की ही किंकाळी बहुधा गाढ, संथ झोपेतून अर्धवट जाग आल्याने उठते. शरीर जागे होते, मन झोपलेलेच राहते. म्हणून मूल आईला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. दुःस्वप्नाचे तसे नसते : ते बहुधा पहाटेकडे पडते, मूल पुरते जागे होते, आईला बिलगते आणि बोलता येत असेल तर काय दिसले ते सांगते. अपुरी झोप, ताप, नवी जागा, चुकलेली दुपारची झोप यांनी अर्धवट जाग येणे वाढते.

या ज्ञानाचे मोल विटा भागाला विशेष आहे. येथील गलाई व्यवसायातील कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी भारतभर पसरली आहेत. परक्या शहरात, परक्या भाषेत, शेजारी सासू वा आई नसताना मूल रात्री किंचाळले, तर तरुण आईला धीर कोणी द्यावा? तिला एवढे तरी ठाऊक असावे की अशा वेळी मुलाला गदगदा हलवून उठवू नये. दिवा मंद ठेवावा, ते पडणार-आपटणार नाही एवढे पाहावे, हळू आवाजात बोलत राहावे. मोठे होता होता बहुतेक मुलांचा हा त्रास आपोआप थांबतो. मात्र अंगाला झटके येणे, झोपेत श्वास अडखळणे, ताप, कानाकडे सतत जाणारा हात किंवा रोज रात्री पुनःपुन्हा होणारा प्रकार, यांपैकी काही दिसल्यास डॉक्टरांना दाखविण्यास विलंब करू नये. झोपेचे औषध आपल्या मनाने तर कधीच देऊ नये.

बालग्रह गेले, बाळगोळी गेली, सटवाईही आता कहाणीपुरती उरली. त्या साऱ्यांमधून आजीचे जागे राहणे तेवढे आपण वेचून घ्यावे. रडणाऱ्या मुलाला त्या रात्रीची आठवण राहत नाही. त्याच्या उशाशी कोणी बसले होते, हे त्याला कधी कळणारही नाही. तरीही कोणीतरी तेथे बसलेले असावे.