बेफिकिरी म्हटले की तपास संपतो

पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांत कोणी दगावले, की निदान तयारच असते: बेफिकीर पोरे, रीलचा सोस, अनुभव नाही. उपायही ठरलेला, बंदी. हे मत इतके रुजले आहे की त्याला पुरावा मागणारा निष्काळजीपणाचा वकील ठरतो. तरी पुरावा मागायलाच हवा.

अनुभव नव्हता म्हणून माणसे मरतात, हे आधी तपासू. जानेवारी २०२० मध्ये कोकणकड्यावर अरुण सावंत यांचा मृत्यू झाला. सह्याद्रीतल्या अनेक पिढ्यांना कडा उतरायला शिकवणारा हा ज्येष्ठ गिर्यारोहक होता. त्यांना बेफिकीर म्हणण्याचे धाडस कोण करील?

आता दुगारवाडी. ऑगस्ट २०२२ मध्ये त्र्यंबकेश्वरजवळच्या या धबधब्यावर पुराने २३ जण अडकले. २२ सुटले, एक वाहून गेला. या भागात कातळावर मातीचा थर पातळ आहे. वर पठारावर कोसळलेला पाऊस मुरत नाही, थेट ओढ्यात उतरतो आणि खाली पाऊस नसतानाही पाणी चढते. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तर आमचे ओझर ज्या निफाड तालुक्यात आहे तिथे ५०० च्या आसपास. इथून कोरड्या रस्त्याने निघालेल्या माणसाचा पावसाचा अंदाजच चुकतो. ही उणीव माहितीची आहे. तिला चारित्र्याचा दोष ठरवून कोणाचा जीव वाचणार नाही.

अशी माहिती कशी जमवावी याचा नमुना आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाचे इतिहासकार ली व्हिटलसी यांनी १९९५ मध्ये 'डेथ इन यलोस्टोन' हे पुस्तक लिहिले. तिथल्या मृत्यूंची कारणवार नोंद त्यात आहे. लोक धास्ती घेतात अस्वलाची. प्रत्यक्षात बुडून आणि उकळत्या झऱ्यांत भाजून गेलेले कितीतरी जास्त. नोंदी मांडल्या नसत्या, तर भीती चुकीच्याच जागी राहिली असती. अमेरिकन अल्पाइन क्लब तर १९४८ पासून दरवर्षी गिर्यारोहणातल्या अपघातांची चिकित्सा छापतो. सह्याद्रीसाठी मराठीत असा ग्रंथ हवा.

यावर आक्षेप येतो की अशाने डोंगर बदनाम होतील, आप्तांच्या जखमा उघड्या पडतील. दुसरी भीती खरी आहे. म्हणून नावे गाळावीत, कारणे गाळू नयेत.

नोंदीची ही गरज ओझरकरांना तरी पटावी. इथल्या एचएएलच्या कारखान्यात सुखोई हे लढाऊ विमान बनते. जून २०१८ मध्ये पिंपळगावजवळ आणि जून २०२४ मध्ये शिरसगावला सुखोई कोसळले; चारही वैमानिक वाचले. दोन्ही वेळा चौकशी लागली. वैमानिक बेफिकीर होते असे ठरवून कोणी फाईल मिटली नाही, उड्डाणेही कायमची थांबवली नाहीत. हीच शिस्त डोंगराला का नको?

बंदी सरसकट निरर्थक आहे, असे मी म्हणत नाही. हरिहर किल्ल्याच्या अरुंद, उभ्या पायऱ्यांवर गर्दीला आवर घालणे योग्यच. पण ओढा किती वेळात चढतो, हे बंदीचा फलक सांगत नाही. ते सांगायला प्रत्येक घटनेची नोंद लागते: वर पाऊस कधी सुरू झाला, ओढा किती वाजता ओलांडला, दोर कशाला बांधला होता, सुटलेले कोणत्या वाटेने सुटले. दुर्घटनेत बहुधा आधी धावतात ते पायथ्याचे गावकरी आणि गिर्यारोहण संस्थांची बचाव पथके. ही उत्तरे त्यांच्याकडे आहेत; घटना ताजी असतानाच ती लिहून घ्यायला हवीत.