पायरी मुलाची की विषयाची?

सिंगापूर हे बेट बृहन्मुंबईहून थोडेसेच मोठे. तेथील प्राथमिक शाळेत मुलाची चौथी इयत्ता संपत आली की शाळेकडून एक पत्रक घरी येते. इंग्रजी, गणित, विज्ञान आणि मातृभाषा या चार विषयांपैकी कोणता विषय पाचवीत कोणत्या पातळीवर शिकवावा याविषयी शाळेची शिफारस त्यात नमूद केलेली असते. आईबापांनी तीस संमती द्यावयाची, अथवा आपली निराळी पसंती कळवावयाची. पातळ्या दोनच आहेत. ‘स्टँडर्ड’ म्हणजे पूर्ण अभ्यासक्रमाची आणि ‘फाउंडेशन’ म्हणजे पायाभूत, अर्थात हलक्या अभ्यासक्रमाची. दहा वर्षांच्या मुलासंबंधीचा हा साधासा निर्णय. परंतु त्या पत्रकात ‘फाउंडेशन’ हा शब्द दिसला की सुशिक्षित घरातसुद्धा चूल थंडावल्यासारखे होते. या धास्तीचे कारण आजच्या नियमांत फारसे सापडत नाही. ते शोधण्यासाठी चाळीस-पंचेचाळीस वर्षे मागे जावे लागते.

सिंगापुरास अंतर्गत स्वराज्य मिळाले ते १९५९ साली. लगेच पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, सहावीच्या अखेरीस द्यावयाची प्राथमिक शाळान्त परीक्षा सुरू झाली. तेथील घरोघर ती ‘पी. एस. एल. ई.’ या आद्याक्षरांनीच ओळखली जाते. त्या काळी चिनी, मलायी, तमिळ आणि इंग्रजी अशा चार माध्यमांच्या शाळा आपापल्या वाटेने चालत होत्या. त्या सर्वांतील मुलांस माध्यमिक शाळेत घेताना एकच माप असावे, हा या परीक्षेचा मूळ हेतू. हेतू न्याय्य होता यात शंका नाही. मात्र परीक्षा एक झाली तरी तिच्या दारापर्यंत पोहोचणारी मुले एकसारखी नव्हती. शाळेत दोन भाषा सक्तीच्या, आणि घरी बोलली जाणारी भाषा बहुधा त्या दोहोंपैकी एकही नव्हे. हॉक्कियेन किंवा तिओच्यू बोलणाऱ्या घरातील मूल शाळेत येऊन इंग्रजी आणि मँडरिन चिनी शिकू लागे, म्हणजे त्याला दोन परक्या भाषांचे ओझे एकदम उचलावे लागे.

याचा परिणाम काय झाला याचा हिशेब गोह केंग स्वी यांनी मांडला. हे गृहस्थ मूळचे अर्थशास्त्रज्ञ, त्या वेळी उपपंतप्रधान. त्यांनी चौकशीसाठी शिक्षणशास्त्रज्ञांची मंडळी जमविली नाही. प्रणाली-अभियंत्यांचा एक गट हाताशी धरला. कारखान्यात माल कोठे वाया जातो हे ज्या दृष्टीने पाहतात त्याच दृष्टीने या गटाने शाळांकडे पाहिले. १९७९ च्या प्रारंभी त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात ‘शैक्षणिक नासाडी’ मोजलेली होती. प्राथमिक टप्प्यावर शेकडा २९ आणि माध्यमिक टप्प्यावर शेकडा ३६ मुले अभ्यासक्रम पुरा न करताच गळून पडत होती. जे राष्ट्र केवळ माणसांच्या कसबावर जगू पाहत होते, त्याला हे आकडे जिव्हारी लागावेत यात नवल ते कोणते?

रोगाचे निदान अचूक होते, असे आजही म्हणावे लागेल. उपचार मात्र कडक निघाला. तिसरीच्या अखेरीस, म्हणजे वयाच्या नवव्या वर्षी, मुलांची तीन प्रवाहांत वाटणी करावी असे ठरले. पहिला सहा वर्षांचा नेहमीचा द्वैभाषिक प्रवाह. दुसरा तोच अभ्यास आठ वर्षांत संथपणे पुरा करणारा. तिसरा एकभाषिक, ज्याच्या शेवटी माध्यमिक शाळेऐवजी धंदेशिक्षणाची वाट होती. माध्यमिक टप्प्यावरही ‘स्पेशल’, ‘एक्सप्रेस’ आणि ‘नॉर्मल’ असे भाग पडले. आगगाडीच्या वेळापत्रकातील वाटावीत अशी ही नावे मुलांच्या कपाळी लागली, आणि लोक एकमेकांना ‘तुमचा मुलगा कोणत्या शाळेत?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘कोणत्या प्रवाहात?’ असेही विचारू लागले.

या व्यवस्थेने गळती कमी झाली, ही गोष्ट तिच्या टीकाकारांनीही नाकारलेली नाही. जो मुलगा पूर्वी सहावीआधीच शाळा सोडून बाजारात हमाली करता, तो आता सावकाशीने का होईना पण शाळेत टिकला. परंतु हिशेबाच्या वहीत न मावणारी एक गोष्ट राहिली. प्रवाह मुलाला लागू होता, विषयाला नव्हे. एखाद्याचे गणित उत्तम आणि चिनी कच्चे असेल, तरी तो सबंधच्या सबंध मंद ठरे. कच्ची भाषा त्याच्या पक्क्या गणितालाही खाली ओढून नेई.

१९९२ पासून हा वाटणीचा क्षण तिसरीवरून चौथीच्या अखेरीस आला आणि नावे बदलली. ‘ईएम १’, ‘ईएम २’ आणि ‘ईएम ३’. यांतील ‘ई’ म्हणजे इंग्रजी, ‘एम’ म्हणजे मातृभाषा, आणि आकडा कोणती भाषा किती खोलवर शिकावयाची याचा. कागदावर हे वर्णन निरुपद्रवी होते. व्यवहारात ‘ईएम ३’ ही शिवी झाली. आज ज्या पालकांची मुले प्राथमिक शाळेत आहेत त्यांतील पुष्कळजण याच काळात शाळेत होते. ‘फाउंडेशन’ हा शब्द वाचताना त्यांच्या कानांत अजून ‘ईएम ३’ च घुमत असते. पत्रक पाहून जी धास्ती वाटते ती बव्हंशी या आठवणीची आहे.

याच काळात गुण देण्याची जी रीत होती ती ध्यानात घेतल्यावाचून पालकांची तळमळ समजणार नाही. मुलाने मिळविलेले गुण जसेच्या तसे धरीत नसत. त्या वर्षी बसलेल्या सर्व मुलांची सरासरी व गुणांचा विस्तार पाहून प्रत्येक विषयाचा एक सापेक्ष अंक काढीत आणि चारही अंकांची बेरीज करीत. म्हणजे गणितात ८० गुण मिळाले, तर त्यांची किंमत इतर हजारो मुलांनी काय केले यावर अवलंबून. शेजाऱ्याचा मुलगा एक गुण पुढे सरकला की आपला मुलगा जागच्या जागी मागे पडे. अशा रीतीत शिकवण्यांचे पीक आले नसते तरच आश्चर्य. २५२ आणि २५३ या बेरजांत बुद्धीचा फरक कोणता हे कोणीही सांगू शकले नसते, तथापि आवडत्या शाळेचे दार त्या एका अंकावर उघडे किंवा मिटे.

वळण लागले ते हळूहळू. २००४ मध्ये पहिल्या दोन प्रवाहांतील भेद काढून टाकण्यात आला. २००८ पासून तिसराही गेला आणि त्याच्या जागी विषयवार पातळ्यांची आजची पद्धत आली. नावांची अदलाबदल म्हणून हिच्याकडे पाहणे चुकीचे होईल. जी पायरी मुलाची होती ती विषयाची झाली, हा या सबंध इतिहासातील खरा पालट. आता गणित पायाभूत पातळीवर आणि बाकी तीन विषय पूर्ण पातळीवर घेता येतात. पाचवीच्या अखेरीस प्रगती पाहून शाळा पातळीचा फेरविचारही करते.

२०१२ पासून परीक्षेत सर्वांत पहिल्या आलेल्या मुलांची नावे सरकारने जाहीर करणे बंद केले, आणि २०२१ च्या परीक्षेपासून तो सापेक्ष अंकही इतिहासजमा झाला. त्याऐवजी प्रत्येक विषयास १ ते ८ अशी एक सिद्धिश्रेणी मिळते, १ सर्वोत्तम. ९० वा अधिक गुणांस १, ८५ ते ८९ ला २, ८० ते ८४ ला ३, ७५ ते ७९ ला ४, ६५ ते ७४ ला ५, ४५ ते ६४ ला ६, २० ते ४४ ला ७ आणि त्याखाली ८. चार विषयांची बेरीज, म्हणून उत्तमातील उत्तम बेरीज ४ आणि सर्वांत हलकी ३२. वरच्या श्रेण्या अरुंद आणि खालच्या ऐसपैस का, असा प्रश्न काही पालक विचारतात. बहुसंख्य मुले वरच्या गुणांतच असल्यामुळे तेथे भेद बारीक करावा लागला, हे त्याचे उत्तर.

पायाभूत पातळीच्या विषयाचे काय? तेथे अ, ब, क अशा तीन श्रेणी आहेत आणि बेरजेपुरत्या त्या अनुक्रमे ६, ७ आणि ८ धरल्या जातात. पालकांनी आपल्या हाताने आकडेमोड करून पाहावी ती येथेच. समजा, एका मुलीला इंग्रजीत ३, विज्ञानात ४, मातृभाषेत ४ आणि पायाभूत गणितात अ मिळाला. बेरीज १७ झाली. माध्यमिक प्रवेशासाठी २०२४ पासून जे तीन गट केले आहेत, त्यांतील सर्वांत वरच्या तिसऱ्या गटाची मर्यादा ४ ते २० आहे. म्हणजे एक विषय पायाभूत घेऊनही ती मुलगी वरच्या गटात बसते. हेच गणित तिने पूर्ण पातळीवर रडतकढत केले असते आणि ४४ गुण मिळविले असते, तर तिला ७ मिळून बेरीज १८ झाली असती. हट्टाने वरची पायरी धरून ठेवण्यात तिचा तोटाच होता. शिवाय ती दोन वर्षे गणिताला भिऊन राहिली असती ते वेगळेच.

उरलेल्या मर्यादाही सांगून टाकणे बरे. २१ आणि २२ बेरजेस तिसरा किंवा दुसरा गट निवडता येतो. २३ आणि २४ ला दुसरा. २५ ला दुसरा किंवा पहिला. २६ ते ३० ला पहिला, मात्र इंग्रजी व गणित या दोहोंत निदान ७ श्रेणी हवी. ‘एक्सप्रेस’ आणि ‘नॉर्मल’ ही नावे २०२४ मध्ये माध्यमिक शाळेत आलेल्या मुलांपासून गेली. गट हा प्रवेशापुरता आहे. एकदा शाळेत पाऊल पडले की वर्ग मिश्र असतात आणि विषय पुन्हा आपापल्या पातळीवर शिकवले जातात. पहिल्या वा दुसऱ्या गटातील मुलाला प्राथमिक परीक्षेत एखाद्या पूर्ण पातळीच्या विषयात ५ वा त्याहून चांगली श्रेणी असेल, तर तो विषय त्याला प्रारंभापासूनच सर्वांत वरच्या पातळीवर घेता येतो. हा नियम पालकांना फारसा माहीत नसतो, आणि तोच सर्वांत उपयोगाचा आहे. २०२७ मध्ये ही मुले शेवटच्या वर्षास पोहोचतील तेव्हा जुन्या ‘ओ लेव्हल’ आणि ‘एन लेव्हल’ या दोन निरनिराळ्या परीक्षांऐवजी एकच समाईक प्रमाणपत्र देण्याची योजना आहे.

शाळेची निवड करताना सहा शाळांची नावे पसंतीच्या क्रमाने द्यावी लागतात. आधी बेरीज पाहतात. एकाच जागेसाठी दोघांची बेरीज सारखी निघाली, तर प्रथम नागरिकत्व पाहिले जाते. सिंगापूरचा नागरिक आधी, कायम रहिवासी नंतर, परदेशी शेवटी. नागरिकत्वही सारखे असल्यास ज्याने ती शाळा वरच्या क्रमांकावर लिहिली त्याला जागा मिळते, आणि तेथेही बरोबरी झाल्यास यंत्राने सोडत काढतात. यावरून पसंतीचा क्रम बेफिकिरीने लिहिण्याजोगा नाही हे उघड होते.

पुण्या-मुंबईहून तेथे नोकरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांपुढे यात आणखी एक पेच असतो. ‘मातृभाषा’ या विषयासाठी शासनमान्य भारतीय भाषा तमिळ, आणि तिच्या जोडीला हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी व उर्दू. या यादीत मराठी नाही. मराठी घरातील मूल बहुधा हिंदी घेते; देवनागरी लिपी ओळखीची, एवढाच काय तो आधार. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि ‘मातृभाषा’ म्हणून हिंदी, अशी त्याची स्थिती असते. गोह यांच्या अहवालातील हॉक्कियेन बोलणाऱ्या मुलाच्या स्थितीशी ती फार मिळतीजुळती आहे. चौथीत हिंदीचे गुण कमी दिसले की काही पालक त्या विषयातून सूट मिळविण्याच्या खटपटीस लागतात. सूट मिळालीच तरी बेरजेतील ती जागा रिकामी राहत नाही. इतर तीन विषयांत त्याच्यासारख्याच असलेल्या मुलांची कामगिरी पाहून त्या जागी ६ ते ८ यांपैकी एक श्रेणी भरली जाते. पूर्ण पातळीच्या हिंदीत ६ श्रेणीसाठी ४५ गुण पुरतात आणि पायाभूत हिंदीत अ श्रेणीसाठी ७५. सुटीचा अर्ज करण्यापूर्वी हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत.