डेलिया: दर वर्षी वाचवावा लागणारा कंद

आजच्या भागाचा विषय आहे डेलिया. थंडी सुरू झाली की नर्सरीतल्या कुंड्यांमध्ये दिसतं तेच हे फूल. कुणी डेलिया म्हणतं, कुणी डालिया. मोठ्या जातींचं एकेक फूल दहा इंचांच्याही पुढे जातं. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, बागकाम गच्चीवरच्या चार कुंड्यांपुरतं. पण या फुलाचा इतिहास वाचायला घेतला आणि लक्षात आलं की तो सगळा जमिनीखालच्या कंदात आहे. शिवाय तो कंद दर वर्षी कुणीतरी जिवंत ठेवला, म्हणूनच टिकलाय.

सुरुवात मेक्सिकोपासून करू. डेलिया मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या डोंगराळ भागातला. रानटी डेलियाचं खोड आतून पोकळ असतं, म्हणून तिथल्या नाहुआत्ल भाषेतली त्याची जुनी नावं पाण्याच्या नळीवरून पडलेली. स्पेनचा राजा दुसरा फिलिप, त्याने आपला वैद्य फ्रान्सिस्को एर्नांदेस याला १५७० मध्ये तिथल्या वनस्पतींची नोंद करायला पाठवलं. त्याच्या टिपणांत डेलिया सापडतो. पण ते काम रोममध्ये ग्रंथरूपाने यायला १६५१ उजाडलं, आणि प्रत्यक्ष झाड युरोपात रुजायला त्यानंतर आणखी जवळजवळ एकशे चाळीस वर्षं लागली.

१७८९ मध्ये मेक्सिको सिटीच्या वनस्पती उद्यानातून विसेंते सेर्वांतेसने माद्रिदला आंतोनियो कावानियेसकडे हे झाड धाडलं. कावानियेसने १७९१ मध्ये त्याला 'डेलिया' हे नाव दिलं, स्वीडनच्या आंद्रेयास डाल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या आठवणीसाठी. डाल १७८९ मध्येच वारला होता. पुढे बर्लिनमध्ये विल्डेनोवने याच फुलाला 'जॉर्जिना' असं दुसरं नाव ठेवलं. शास्त्रात ते टिकलं नाही, पण रशियन भाषेत आजही याला 'गेओर्गिन'च म्हणतात.

आता गंमत बघा. युरोपात पहिली काही वर्षं काही जणांची नजर फुलापेक्षा कंदावर होती. बटाटाही अमेरिकेतूनच आला होता आणि त्याने गरिबांची पोटं भरली होती. मग हा कंदही खाता येईल का, असं त्यांना वाटलं. खाऊन पाहिला. खाण्याजोगा होता, पण बटाट्याची सर काही आली नाही. याचं एक कारण रसायनात आहे. बटाटा आपला साठा पिठूळ स्टार्चच्या रूपात ठेवतो, डेलिया तो इन्युलिनच्या रूपात ठेवतो. इन्युलिन आपल्याला नीट पचवता येत नाही, त्यामुळे खाल्लं तरी अंगाला फारसं लागत नाही. बटाटा शेतात गेला, डेलिया बागेत राहिला.

आणखी एक फरक आहे, आणि आपल्या गोष्टीसाठी तोच महत्त्वाचा. बटाटा म्हणजे खोडाचाच फुगलेला भाग, म्हणून त्याला सगळीकडे डोळे असतात. डोळा ठेवून फोड केली की झालं बियाणं. डेलियाचा कंद म्हणजे रताळ्यासारखं फुगलेलं मूळ. त्याच्या अंगावर डोळा नसतो. डोळे असतात ते वर, जिथे कंदाची मान जुन्या खोडाला चिकटलेली असते त्या जागी. कंद कितीही गुबगुबीत असू दे, मान मोडली किंवा डोळ्याशिवाय कापला गेला, तर तो उगवत नाही. म्हणून कंद वेगळे करताना खोडाचा तुकडा सोबत ठेवायचा, हे डेलिया लावणारे पहिल्यांदा शिकतात.

मग बी का नाही लावायचं? लावतात की! नव्या जाती बियांतूनच जन्माला येतात. पण बागेतल्या डेलियाच्या पेशीत ६४ गुणसूत्रं असतात, म्हणजे आठ संच. इंग्लंडच्या जॉन इनेस संस्थेत लॉरेन्सने १९३० च्या सुमारास याचा कसून अभ्यास केला. आपल्याकडे दोनच संच असतात, तरी सख्खी भावंडं एकसारखी निघत नाहीत. इथे तर आठ. त्यामुळे मोठ्या पिवळ्या फुलाचं बी पेरलं, तर लहान, लाल, एकेरी पाकळ्यांचं असं काहीही निघू शकतं. माद्रिदला आलेल्या मोजक्या झाडांतून पुढे हजारो जाती निघाल्या त्या याच्यामुळे. आणि आवडलेली जात जशीच्या तशी हवी असेल तर बी उपयोगाचं नाही, ते याचमुळे. तिथे कंद किंवा फांदीचं कलमच लागतं.

म्हणजे काय, तर प्रत्येक नावाजलेली जात हे मुळात एकच झाड आहे. तेच वाटून वाटून जगभर पसरलेलं. 'थॉमस एडिसन' नावाचा मोठा जांभळा डेलिया १९२९ चा, 'कॅफे ओ ले' हा दुधाळ कॉफीच्या रंगाचा १९६७ चा. आज कुणाच्या अंगणात एडिसन फुलला असेल, तर १९२९ पासून मधल्या प्रत्येक वर्षी कुणीतरी तो कंद उकरून ठेवलाय किंवा त्याचं कलम केलंय. कंद काही वर्षानुवर्षं कपाटात पडून राहत नाही. हा असा बॅकअप आहे, जो दर वर्षी चालवून बघावाच लागतो.

साखळी किती बारीक असू शकते, ते हॉलंडच्या उट्रेख्टमध्ये दिसलं. १८७२ मध्ये तिथल्या फान डेन बर्ग या रोपवाल्याला मेक्सिकोहून कंदांची पेटी आली. प्रवासात बहुतेक कंद सडले. एकच जगला. त्याला आलं लालभडक फूल, टोकदार आणि मागे वळलेल्या पाकळ्यांचं. तोवर युरोपने असं काही पाहिलं नव्हतं. मेक्सिकोचे अध्यक्ष बेनितो हुआरेस त्याच वर्षी वारले होते, त्यांचं नाव फुलाला मिळालं. आजच्या कॅक्टस डेलियांचं मूळ त्या एका कंदापाशी जातं.

आता आपल्याकडे येऊ. युरोपात कंदाचा शत्रू हिमतुषार, आपल्याकडे उन्हाळा आणि पावसाळा. ऑक्टोबरच्या आसपास लावतात, थंडीत फुलं येतात. मोठं फूल हवं असेल तर झाडाला तीन-चारच फांद्या ठेवायच्या, शेंड्याला तीन कळ्या आल्या की मधली ठेवून बाजूच्या दोन खुडायच्या, आणि काठीचा आधार द्यायचा. दिवस लहान झाले की झाड वर फुलतं आणि खाली कंद भरतं. खरी परीक्षा मार्चनंतर. कोरडं ठेवलं तर कंद सुरकुततो, ओल लागली तर सडतो. म्हणून बरेच जण दर वर्षी नवं रोप आणतात आणि जुनं फेकतात.

नाशिकला माझी आत्या ते फेकत नाही. तिच्याकडचा गडद लाल डेलिया वीसेक वर्षं टिकलाय. जातीचं नाव कुणालाच माहीत नाही. पानं पिवळी पडली की ती कंद काढते, सावलीत सुकवते आणि जुन्या माठात कोरड्या वाळूत पुरून कोठीत ठेवते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी हात घालून बघते, मऊ लागला तो बाहेर. एका वर्षी अतिपावसात दोनच वाचले होते. तेव्हा मला उट्रेख्टची पेटी माहीत नव्हती. आता त्या माठाकडे बघितलं की तीच आठवते.

मागच्या मार्चमध्ये मी तिच्याकडून तीन कंद आणले, मानेसकट. दोन माझ्या गच्चीवर उगवले, तिसरा ऑफिसमधल्या एका मैत्रिणीकडे. म्हणजे ते झाड आता तीन घरांत आहे. तुमच्या घरी, आजोळी, शेजारच्या काकूंकडे असा एखादा बिननावाचा डेलिया असेल, तर या मार्चमध्ये दोन कंद मागून घ्या, आणि त्यातला एक पुढे कुणाला तरी द्या. कापताना डोळा बघायला विसरू नका!

चला, भेटू पुढच्या भागात.